उन्हाच्या गावातला लोकरी कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग गडद निळा, अस्तर लाल, बटणं लाकडी. सध्या मी सोलापूरकडच्या एका बालगृहात खिळ्याला टांगलेला असतो. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागतो. मग इथे लोकरी कोटाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे.

माझा जन्म आयर्लंडमधल्या लेटरकेनीचा. तिथे पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. एका आजीने आपल्या नातीसाठी मला घरच्या मशीनवर शिवलं. नातीचं नाव ग्रेस. शाळेत सगळ्यांचे कोट सारखेच दिसायचे, म्हणून आजीने माझ्या कॉलरच्या आत तिच्या नावाची पट्टी शिवली. तीन हिवाळे मी ग्रेसच्या अंगावर होतो. लोक तिला थांबवून विचारायचे, "कुणी शिवला गं?" तेव्हा मीही ताठ व्हायचो.

मग ग्रेसचे हात लांब झाले. तिची आई नूला आयर्लंडमधल्याच ॲथलोन गावात राहायला गेली आणि मी तिच्या प्रेसमध्ये गेलो. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथे मी तीस वर्षं होतो. ग्रेस मोठी झाली, ऑस्ट्रेलियाला गेली. दार वर्षातून दोनदा उघडायचं, हात आत यायचा आणि दुसरंच काही घेऊन जायचा. अंगाशिवाय कपडा म्हणजे नुसती घडी, मित्रांनो.

सन २०२० च्या सप्टेंबरात दार उघडलं आणि या वेळी हात माझ्यापाशी थांबला.

नूलाच्या शेजारी पद्मजा आणि शिरीष हे पुण्याचं जोडपं राहायचं. शिरीष कंपनीच्या कामासाठी दिवसभर लॅपटॉपसमोर असायचा. ते दोघं भारतातली एक मुलगी दत्तक घेणार होते. मुलगी तान्ही नव्हती, सात वर्षांची होती. तिचं नाव रेवा. पद्मजाने कुंपणापलीकडून विचारलं होतं, "ग्रेसचं लहानपणीचं जुनं काही आहे का तुमच्याकडे?"

नूला गोंधळली. "जुनं? तुमच्यात मुलीला नवं आणत नाहीत?"

"आणतात. पण पहिलं जुनं घालतात."

ही पद्मजाच्या घरची रीत होती. बाळ जन्मलं की त्याच्या अंगावर पहिला कपडा दुसऱ्या कुणाचा तरी वापरलेला घालायचा. तो धुऊन धुऊन मऊ झालेला असतो, आणि एक मूल त्यात नीट वाढलेलं असतं. फोनवर तिच्या आईनेही तेच सांगितलं.

शिरीष हसला. "अगं, ती सात वर्षांची आहे. झबल्यातली नाही."

"आपल्याकडे ती पहिल्यांदाच येणार ना? मग रीत तीच."

नूलाने मला झटकलं, पाहिलं आणि म्हणाली, "ग्रँड आहे अजून." तिकडे 'छान, चालेल' याला ग्रँड म्हणतात. पद्मजाने मला हाताने धुतलं आणि दारामागच्या हुकावर लावलं. मला वाटलं, आठवड्याभरात मुलगी येईल.

एक वर्ष आणि दोन महिने गेले.

कोरोनामुळे आधी दुकानं बंद झाली. मग घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाऊ नका, असं सरकारने सांगितलं. भारतात कचेऱ्या बंद, आयर्लंडमध्ये विमानं बंद. त्या दारातून कुणी पाहुणा आत आला नाही. दर शनिवारी पद्मजा व्हिडिओ कॉल लावायची. पडद्यावर दोन वेण्यांची रेवा दिसायची आणि तिच्या खांद्याला चिकटलेली एक छोटी मुलगी, तन्वी. रेवा विचारलं तेवढंच बोलायची.

"जेवलीस का?"

"हो, मॅडम."

"काय जेवलीस?"

"भात, मॅडम."

बालगृहाच्या मेधाताई मागून म्हणायच्या, "अगं, आई म्हण." पद्मजा घाईने म्हणायची, "नको, नको. तिला वाटेल तेव्हा." कॉल संपला की ती माझ्यापाशी येऊन बाही मोजायची. मेधाताईंनी रेवाची उंची कळवली की पुन्हा मोजायची. मुलगी तिकडे वाढत होती आणि ही इकडे माझ्या शिवणीत दुमडलेलं कापड किती उरलंय ते बघत होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये भारतात आजार फार पसरला आणि दोन शनिवार कॉल लागलाच नाही. त्या दिवसांत पद्मजा हुकासमोर नुसती उभी राहायची. बटणाला हात लावायची, काढून घ्यायची. मी लोकरीचा असून मला कुणाला ऊब देता येत नव्हती.

अखेर नोव्हेंबरात ते दोघं निघाले आणि मी सुटकेसमध्ये सगळ्यात वर होतो.

बालगृहाच्या व्हरांड्यात मला बाहेर काढलं तेव्हा पोरींनी एकच गलका केला. "ए, गोधडी आणली!" "गोधडीला बटणं कुठं असतात गं?" तन्वीने माझ्या बाहीत तोंड घालून पाहिलं. रेवाने मला अंगात घातलं. मित्रांनो, मी तिला अगदी बरोबर बसलो. पद्मजाने श्वास सोडला.

मग रेवाने कॉलर उलटी केली.

तिथल्या मुलींना ती सवयच आहे. दिवाळीत कपड्यांचे गठ्ठे येतात. कुणी ना कुणी वापरलेले. आत कधी नाव असतं, कधी शाळेचा शिक्का. रेवाने एकेक अक्षर लावलं.

"ग्रेस. ही कोण?"

"आमच्या शेजारच्या नूलाआजींची मुलगी. आता खूप मोठी आहे ती."

रेवाने वरून खाली एकेक बटण काढलं. गठ्ठ्यातल्या कपड्यांची करतात तशी, बाह्या आत घेऊन माझी घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

"छान आहे. थँक्यू, मॅडम," ती म्हणाली आणि ताटं धुवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पद्मजाचा चेहरा उतरला. मेधाताई जवळ आल्या. "ताई, राग मानू नका. पण या पोरींना नवीन असं काही मिळालं तर औषधाची बाटली. बाकी सगळं कुणाचं तरी झालेलं. आठवडाभर ती सगळ्यांना सांगत होती, माझे आईबाबा परदेशातून येणार, माझ्या कपड्याला कागदाचं लेबल लोंबत असणार."

"परवा दत्तकाच्या अधिकारी बाई येणार ना?" पद्मजाने विचारलं.

"हो. तिला एकटीला विचारणार. ती नाही म्हणाली तर पुढे काही करता येत नाही. मोठ्या मुलीचं तिच्या मनावर असतं."

लॉजवर परतल्यावर शिरीष म्हणाला, "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"आत्ता ते नको."

"बरं. उद्या बाजारात जाऊन छानसा नवा फ्रॉक घेऊ."

"आणि तिला काय सांगू? जुना चुकून आणला म्हणून? चुकून नव्हता आणला मी." पद्मजा मला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे हात गार होते.

दुसऱ्या दिवशी रेवा आणि तन्वी मागच्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. पद्मजा त्यांच्याजवळ फरशीवर बसली, एक जुडी ओढून घेतली. मला तिने बाजूला ठेवलं.

"मॅडम, काड्या पण भाजीत टाकताय तुम्ही," तन्वी म्हणाली.

"हो का? आमच्याकडे मेथी पाकिटात मिळते. सवय गेली." मग ती रेवाकडे न बघता म्हणाली, "रेवा, तो कोट मी स्वस्तात मिळाला म्हणून नाही आणला. आमच्या घरी बाळ आलं की त्याला पहिलं दुसऱ्या कुणाचं तरी घालतात."

"मी काय बाळ आहे?"

"नाहीस. पण मला दुसरी रीत माहीत नव्हती. तू जन्मभर दुसऱ्यांचंच घातलंयस, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. चुकलंच माझं."

रेवाने चार पानं खुडली. "तुम्हाला कुणाचं घातलं होतं?"

"उल्हासदादाचं झबलं. त्याच्यावर दुधाचा डाग होता म्हणे."

तन्वी फिस्सकन हसली. रेवा हसली नाही.

"आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"पहिलं जुनं घालतात. मग दुसरं? तेपण जुनं?"

"दुसरं नवं. दुकानातलं."

"लेबलवालं?"

"लेबलवालं. ते तू तोडायचं. मी हात लावणार नाही."

रेवाने मेथी भराभर निवडली. उठताना तिने मला उचलून आत नेलं.

तिसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. रेवा मला काखेत घेऊन ऑफिसात गेली. बाहेर व्हरांड्यात पद्मजाची चप्पल फेऱ्या मारताना मला ऐकू येत होती.

"तुला कुणी काही शिकवून पाठवलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"यांच्याबरोबर जायचंय? नसेल तर तसं सांग. कुणी रागावणार नाही."

रेवाने माझं वरचं बटण घट्ट धरलं. मी फक्त कापड आहे, मित्रांनो, पण त्या वेळी मलाही घाम फुटला असता.

"जायचंय," ती म्हणाली. "पण हा कोट इथं राहील."

"का गं? आवडला नाही?"

"माझं पहिलं घालून झालं. आता तन्वीसाठी. तिचे आईबाबा आले की तिलापण पहिलं जुनं लागेल ना."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग नाक पुसलं आणि पुढे लिहिलं.

कागद आणि पासपोर्ट यांत महिना गेला. शिरीष कामासाठी परतला, पद्मजा गावातच खोली घेऊन राहिली. डिसेंबरात रेवा पिवळं जॅकेट घालून गाडीत बसली. लेबल तिने तोडलं नव्हतं. ते बाहीपाशी हलत होतं. तन्वी फाटकाला धरून उभी होती, रडली नाही. आत येऊन तिने मला रेवाच्या रिकाम्या गादीवर पसरलं आणि वर झोपली.

आता दर शनिवारी कॉल येतो. पलीकडे रेवा असते, ती नूलाआजीची मांजर दाखवते. इकडे तन्वी एकटी असते.

तन्वी सहा वर्षांची आहे. फाटकाशी एखादी गाडी थांबली की ती धावत येते, मला खिळ्यावरून काढते, चारही बटणं लावते आणि पायरीवर जाऊन बसते. गाडी कधी तांदळाची असते, कधी डॉक्टरांची. मेधाताई म्हणतात, "अगं काढ तो, घामाघूम झालीस." ती म्हणते, "नको. आयत्या वेळी बटणं लागत नाहीत."

मित्रांनो, जुना कपडा कुणाला देताना तो धुऊन द्या, बटणं लावून द्या आणि आतलं नाव उसवून द्या. एवढं तर तुम्हाला जमेल. दुसरं सांगायचं आहे ते तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना. मूल आणायचा विचार करत असाल तर थोडा लवकर करा. तान्ही बाळंच वाट बघतात असं नाही. माझी बाही अजून तन्वीच्या हातापेक्षा चार बोटं लांब आहे, आणि मुलं फार भरभर वाढतात.