याद्विगाचे लोकरी हातमोजे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिडीवर खिडकी धूत असताना काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टी माझ्या हातातून निसटली. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. निसटल्याचं हाताला कळलंच नाही, डोळ्यांना दिसलं तेव्हा कळलं. बोटं पांढरीफटक पडली होती.

शिडी धरून माझा मेहुणा वात्सेक उभा होता.

"दाजी, खाली या."

"एवढी खिडकी झाली की येतो."

"आत्ताच्या आत्ता. कुणाच्या टाळक्यात बसली असती तर? नाताळ तुरुंगात केला असता, तिथल्या खिडक्या पुसत."

मी उतरलो. त्यानं माझे हात आपल्या काखेत घेतले.

"धड हातमोजे घ्या. नाहीतर उद्यापासून मी चढतो, तुम्ही खाली बादल्या भरा."

वात्सेकचे गुडघे चौथ्या पायरीवरच लटपटतात. तरी तो चढला असता, आणि ते मला नको होतं. बादल्याही भरायच्या नव्हत्या. शिडीवर असलो की दिवस जातो.

पोलंडच्या थंड कोपऱ्यातल्या आमच्या सुवाऊकी गावात नाताळाआधी घरोघरच्या खिडक्या धुतात. बाहेर कितीही गारठा असो, धुण्याचं पाणी गोठू नये म्हणून त्यात स्पिरिट ओतावं लागो, काच लख्ख हवी. सव्वीस वर्षं हे काम मी आणि माझ्या बायकोनं, याद्विगानं, मिळून केलं. ती आतून पुसायची, मी बाहेरून. माझ्याकडून डाग राहिला की ती तिथंच काचेवर टकटक करायची. एप्रिलमध्ये ती गेली.

दर हिवाळ्यात ती माझ्यासाठी पातळ लोकरी हातमोजे विणायची. ते आत, वरून रबरी. एक जोडी जेमतेम एक हिवाळा टिकायची, मग बोटांची टोकं झिजायची. शेवटची जोडी तिनं मार्चमध्ये आजारपणातच विणली. ती खणात तशीच ठेवली होती. घातली तर संपणार, म्हणून या हिवाळ्यात मी नुसते रबरी घालून काम करत होतो.

दुपारी लुत्सिनाबाईंच्या दुकानात गेलो. बादल्या, दोर, खिळे, सगळं त्यांच्याकडेच मिळतं. त्यांनी जाड अस्तराचे हातमोजे काढले.

"हे घ्या झेनॉनभाऊ. एकदम उबदार."

"यांत पाणी शिरलं की दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही."

"मग हे काळे?"

घालून पाहिले. बोट धड वाकेना. यांतून पट्टीचा दाब कळला नसता.

"नकोत. साधे रबरीच द्या. नऊ नंबर."

"अकरा," त्या म्हणाल्या.

"माझा हात नऊचा आहे."

"हात असेल हो. याद्विगा दरवर्षी अकराच न्यायची. तुमचा लोकरी हातमोजा पिशवीतून आणायची आणि आमच्या ह्यांना हाक मारायची. 'ये इकडे, तुझा पंजा झेनॉनएवढा आहे.' लोकरीवरून रबरी चढवायला लावायची, मूठ वळायला लावायची. बोटांवर ताण दिसला की काढून टाकायची. म्हणायची, रक्तच अडलं तर लोकर काय करणार? हे बिचारे लाजून लाल व्हायचे."

मला यातलं काही माहीत नव्हतं. हातमोजे घरी यायचे, मी घालायचो. ऑक्टोबरमध्ये मी एकट्यानं जाऊन दुसरीकडून नऊचे घेतले होते.

"लोकरी आणलेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशावरून बघणार?"

मी घरी आलो. खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. हातमोजे करड्या लोकरीचे होते, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तपकिरी. करडी लोकर संपली होती आणि तिला दुकानापर्यंत जाववत नव्हतं. तिनं मला आणायलाही सांगितलं नाही. आपला जुना स्वेटर उसवून बोटं पुरी केली होती.

तेच हातमोजे पिशवीत घालून परत गेलो. लोकरीवरून अकरा नंबरचे चढवले, मूठ वळली. बरोबर बसले. लुत्सिनाबाई पुडकं बांधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शिडीवर चढण्याआधी रबराची मनगटाकडची कड बाहेरच्या बाजूला दुमडली. हात वर धरला की पाणी कोपराकडे ओघळतं, ते त्या दुमडीत अडतं. हेही तिनंच शिकवलेलं. अर्ध्या तासात बोटं गरम झाली. एप्रिलपासून मला हात गरम असल्याचं आठवत नव्हतं. काचेआड घरमालकीण पडदे काढत होती, म्हणून मी तोंड फिरवलं आणि बराच वेळ एकच कोपरा पुसत राहिलो.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं घर संपलं. गाडीपाशी मी वरचे रबरी हातमोजे काढले.

"दाजी, पहिल्या बोटाला भोक पडलंय," वात्सेक म्हणाला. बहिणीची वीण तो ओळखत होता. "आता नका घालू. ठेवून द्या."

भोकातून माझं नख दिसत होतं. सुटलेला धागा मी आत खोचला.

"बुधवारी बँकेच्या काचा आहेत ना? तेव्हा लागतील," मी म्हणालो. "कामासाठी विणलेत तिनं."