खांबेटे न्यूक्लियस

प्रबोध इतका गोड बोलतो की मला पहिल्यापासून त्याचा संशय. मुलगा पुण्याचा आहे, हुशार आहे, सगळं मान्य. पण दर रविवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या टॅम्पिनीसहून MRTच्या मेट्रोगाड्या बदलत बदलत बुकित तिमाहला आमच्या घरी, माझ्या म्हाताऱ्या वडिलांशी गप्पा मारायला कोण येतं हो? तेही लिटिल इंडियातून पेढे घेऊन? आणि मी चहा घेऊन आत गेले की दोघं चिडीचूप. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आम्ही एकाच ऑफिसात. कामाबद्दल सांगितलं की लोक जांभया देतात, तरी सांगते. मेंदूच्या एकाच भागाला पाच पुस्तकांत पाच नावं असतात. आम्ही त्यातलं एक प्रमाण ठरवतो आणि बाकीची त्याच्याखाली लावतो, म्हणजे इंटरनेटवर कुणी कुठल्याही नावाने शोधलं तरी सगळं संशोधन एका जागी सापडतं. एखादं नाव रद्द करायचं तर एकाने सुचवायचं आणि दुसऱ्याने मान्य करायचं. एकट्याच्या मनाला आलं म्हणून चालत नाही.

त्या नावांत एक आहे ‘खांबेटे न्यूक्लियस’. खांबेटे म्हणजे माझे बाबा, डॉक्टर रवींद्र खांबेटे. तरुणपणी त्यांनी मेंदूच्या बुंध्याशी पेशींचा एक इवलासा पुंजका शोधला आणि त्याला त्यांचं नाव पडलं. मी या कामात आले तीच त्या नावाच्या अभिमानाने. आता लपवायचं कशाला!

तर सोमवारी माझ्यापुढे मान्यतेसाठी आलं: खांबेटे न्यूक्लियस रद्द करावं. सुचवणारा कोण, तर प्रबोध. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच घरी आले, आणि कपाट उघडते तर बाबांची काचेच्या स्लाइड्सची पेटी गायब! ज्यांत त्यांना तो पुंजका सापडला होता, ते मेंदूचे मूळ काप त्यात होते.

“पेटी प्रबोध अंकलनी नेली,” माझी लेक इरा फोनमधून मान वर न करता म्हणाली. “रिलॅक्स लाह, आई.”

रिलॅक्स म्हणे, आणि वर ते इथल्या पोरांचं ‘लाह’! पेढे त्यासाठी होते तर. आधी पुरावा पळवायचा, मग नाव पुसायचं, आणि वर स्वतःचा पेपर छापायचा. मला सगळं लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, मी त्याला गाठलं. आजूबाजूचे लोक वळून बघतील इतक्या आवाजात विचारलं, “लाज नाही वाटत? त्यांच्या घरात बसून चहा पितोस आणि त्यांचंच नाव पुसतोस?”

त्याने जेवणाचा ट्रे बाजूला सारला. “ताई, सरांना विचारा. मी त्यांना शब्द दिलाय.”

काय तो साळसूदपणा! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आले. बाबा गॅलरीत बसले होते. त्यांच्यासमोर मी प्रबोधचा पार उद्धार केला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

“पेटी मीच दिली,” ते म्हणाले. “म्हटलं, स्लाइड मोठी करून दाखवणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्या नव्या मशीनवर एकदा बघ.”

“आणि?”

“चुणी आहे, सुले. त्या पातळ कापांना चुणी पडली होती. दुहेरी झालं तिथे रंग गडद बसला आणि मला तो पुंजका वाटला. नंतर दुसऱ्या एका मेंदूचे काप घेतले, त्यांत मला तो दिसलाच नाही. तेव्हाच शंका आली होती. पण तोवर छापून आलं होतं, कॉलेजात सत्कार झाला होता. मग मी पुन्हा शोधलंच नाही.”

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि प्रबोधला भर हॉकर सेंटरमध्ये काय काय बोलले ते आठवून कानशिलं तापली.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू माझ्याच बाजूने माझ्याशी भांडली असतीस.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्या साइटवर एका मुलीने प्रश्न टाकलाय. कुठली तरी, चिली देशातली आहे. माझा न्यूक्लियस ती दोन वर्षं शोधतेय. विचारते, माझं काय चुकतंय?”

मी लॅपटॉप उघडला. पण हात पुढे जाईना. “मी नाही हे मान्य करणार, बाबा. दुसरं कुणीतरी करेल.”

“दुसऱ्याने केलं तर मी पकडला गेलो असं होईल,” बाबा म्हणाले. “तू केलंस तर मी सांगितलं असं होईल. इतकं कर माझ्यासाठी.”

कारणाच्या चौकटीत प्रबोधने त्यांना सांभाळून घेतलं होतं. नुसतं ‘पुरावा अपुरा’ एवढंच. बाबांनी ते खोडायला लावलं आणि चुणीचं सगळं सांगितलं, स्वतःच्या पूर्ण नावासकट. मी टाइप केलं आणि बटण दाबलं. मग मला रडू आवरेना.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “आता आधी त्या पोरीला लिही,” ते म्हणाले. “म्हणावं, तुझं काहीही चुकलेलं नाही.”