तीनदा नको

आतल्या खोलीचं सरकतं दार मंगळवारी सकाळी मध्येच अडलं, तेव्हा हिसानोला बाहेर जाऊन छपराकडे बघायची गरजही वाटली नाही. ओनोसावा गावात दारंच सगळं सांगतात. वर बर्फ साचला की तुळई वाकते, तुळई वाकली की चौकट आवळते, आणि कालपर्यंत बोटाने सरकणाऱ्या दाराला खांदा लावावा लागतो. पाच दिवस बर्फ थांबला नव्हता. छपरावर छातीइतका थर होता, आणि त्याच्या तळाचा जुना बर्फ दाबून दाबून दगडासारखा झालेला.

नगरपालिकेचा कर्णा रोज सकाळी सात वाजता बजावायचा, छपरावर एकट्याने चढू नका. ओनोसावातले म्हातारे तो ऐकत ऐकतच शिडी लावायचे. तरी गावाचा स्वतःचा एक नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. वर एक, खाली एक. खालच्याने थोड्या थोड्या वेळाने वरच्याचं नाव घेऊन हाक मारायची, वरच्याने 'हो' म्हणायचं. ओ आली नाही की फावडं घेऊन धावायचं. माणूस छपराच्या बर्फाबरोबर घसरून त्याच्याखाली गाडला गेला, तर हाताशी असतात ती मोजकी मिनिटं.

हिसानोचं छप्पर, म्हणजे छपरावरचा बर्फ, अकरा वर्षं शेजारचा शिगेझो उतरवत होता. तिचा नवरा तेइजी गेला त्या हिवाळ्यात तो न विचारता शिडी घेऊन आला, आणि मग दर हिवाळ्यात चार-चार वेळा येत राहिला. खाली हाका मारायला हिसानो उभी राहायची. वसंतात ती त्याच्या भातलावणीला जाऊन त्याची फेड करायची. आता त्याचं वय एकोणऐंशी होतं. भाड्याची माणसं बोलवायची म्हटलं तर दोघांच्या एका दिवसाच्या मजुरीत तिचं महिन्याचं अर्ध्याहून जास्त पेन्शन जायचं, आणि बर्फ काही एकदाच पडून थांबत नाही.

पण यंदा तिला ना शिगेझो हवा होता, ना भाड्याची माणसं. नवीन वर्षाला मुलगी योरिको सायतामा शहराहून आली, तेव्हा दोघींचं ठरून गेलं होतं. एप्रिलात रस्ता मोकळा झाला की हिसानो कायमची मुलीकडे जाणार. घर विकत घेणारा कोणी नव्हता, पाडायचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त. तेव्हा ते उभं राहील तितके दिवस राहील, आणि एखाद्या हिवाळ्यात बर्फाखाली बसेल. गावात अशी पाच घरं बसलेली होती.

हे तिने शिगेझोला सांगितलं नव्हतं. गाव सोडून गेलेल्यांबद्दल शिगेझो 'ते गेले' एवढंच म्हणायचा, आणि मेलेल्यांबद्दलही तो तसंच म्हणायचा. अकरा वर्षं ज्याने आपलं छप्पर राखलं, त्याच्या तोंडावर आता ते पडू दे म्हणायचं कसं? हिसानोने महिनाभर तोंडात मिठाची गुळणी धरली होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मला विचाराल तर ती त्याहून वाईट, भिकेने निदान माणूस मरत नाही.

मंगळवारी संध्याकाळी शिगेझो आलाच. उंबऱ्याशी बूट झाडले, आत येऊन चुलीपाशी बसला, वर तुळईकडे बघितलं आणि म्हणाला की उद्या छप्पर उतरवतो.

हिसानो म्हणाली, नको, यंदा राहू द्या. त्याने चहा प्यायला, मुळ्याच्या पाल्याच्या लोणच्याची चव घेतली आणि यंदा मीठ कमी पडलंय म्हणाला.

"खरंच नको," ती म्हणाली. "मी माणसं बोलावेन."

"माणसं? पैसे उतू चाललेत होय?" तो हसला. "तेइजीदेखील अस्साच. घरात पाणी शिरलं तरी म्हणायचा, नाही हो, चाललंय आमचं."

"भाऊजी, मी मनापासून सांगतेय. नको."

एवढं बोलून ती थांबली. तिसऱ्यांदा नको म्हणून झालं होतं. आणि ओनोसावात मदत तीनदा नाकारणं ही रीतच. पहिला नकार सगळेच देतात. दुसरा सभ्य माणूस देतो. तिसरा देतो तो खरा अडलेला, ज्याला मागायची फार लाज वाटते. मग समोरच्याने काही न बोलता यायचं असतं. हिसानोने स्वतः जन्मभर हेच केलं होतं. खरा नकार द्यायचा तर कारण सांगावं लागतं, आणि कारण तिच्या ओठांवर येऊन परत गेलं.

"उद्या माझी दवाखान्याची बस आहे," ती शेवटी म्हणाली. "खाली उभं राहायला कोणी नाही. चढायचंच तर परवा चढा."

तो बरं म्हणाला आणि निघाला. परवा तो शिडी लावायच्या आत सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं आणि शांत झोपली. त्या शांत झोपेचा तिला पुढे फार राग यायचा.

बुधवारी ऊन पडलं. बर्फाच्या मुलखात उन्हाइतकं वाईट काही नसतं. बर्फ पाणी पितो, दुप्पट जड होतो आणि पत्र्यावरून सुटायला लागतो. शिगेझोने ते ऊन बघितलं आणि हिसानोची तुळई आठवली. किनुएला, म्हणजे बायकोला, तो सांगून गेला की हिसानो खाली उभी आहे. किनुएचे गुडघे गेलेले. तिने खिडकीतून डोकावलंही नाही.

एक वाजता बस वळणावर आली तेव्हा हिसानोला आपलं घर दिसलं. डावीकडचा लाल पत्रा स्वच्छ उघडा होता. उजवीकडे सगळा बर्फ होता तसा, फक्त वळचणीकडचा एक मोठा तुकडा नव्हता. छपराच्या आढ्याजवळ फावडं रोवलेलं होतं. शिडी जागेवर होती.

तिने रस्त्यातूनच हाक मारली. पुन्हा मारली. ओ आली नाही.

उजव्या वळचणीखाली माणसाच्या उंचीचा ढीग होता. तिने हातांनी उकरायला सुरुवात केली आणि ओरडत राहिली. बसचा ड्रायव्हर आला, मग गावप्रमुख हाशिबा आला, मग गावात जे कोणी होते ते सगळे आले. शिगेझो सापडला तेव्हा त्याच्या कमरेला दोर नीट बांधलेला होता. दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. ते नेहमी हिसानो बांधून द्यायची.

तीन दिवसांनी, अस्थी घरी आल्यावर, हाशिबा दोन माणसं घेऊन हिसानोच्या दारात आला. अर्धं उतरवलेलं छप्पर भरलेल्या छपराहून वाईट. सगळं वजन एका अंगाला, घर मुरगळतं. आतलं दार आता सरकतच नव्हतं. मागून काठी टेकत काळ्या कपड्यांत किनुए आली. नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं होताना तिला बघायचं होतं.

हाशिबाने शिडीवर पाय ठेवला आणि हिसानोला राहवलं नाही.

"चढू नका," ती म्हणाली. "मी एप्रिलात चाललेय. योरिकोकडे, कायमची. हे घर पडलं तर पडू दे. त्यासाठी कोणी वर जाऊ नका."

 हाशिबाने पाय खाली घेतला आणि किनुएकडे बघितलं.

"हे कधी ठरलं?" किनुएने विचारलं.

"नवीन वर्षाला."

"यांना सांगितलं होतंस?"

"नाही."

किनुएने छपराकडे बघितलं.

"मंगळवारी घरी आले ते म्हणाले, हिसानो तीनदा नको म्हणाली. फार नड असणार बिचारीला. ऊन पडलं तर थांबायचो नाही मी."

हिसानो बर्फात गुडघ्यांवर बसली. माफी मागायला तिने कपाळ बर्फाला टेकवलं. किनुएने तिला ऊठ म्हटलं नाही. ती हाशिबाकडे वळली.

"उरलेलं उतरवा. त्यांनी जन्मात अर्धं छप्पर सोडलेलं नाही."

माणसं चढली. हिसानोने उठून तिघांच्या दोरांची टोकं एकेक करून मागच्या खांबाला बांधली, दोनदा ओढून बघितली आणि खाली आपल्या जागेवर उभी राहिली. थोड्या थोड्या वेळाने ती एकेकाचं नाव घेई, आणि वरून ओ येई. बर्फाचे ठोकळे धप्प धप्प पडत होते. किनुए तिच्यापासून चार हातांवर काठीला टेकून उभी होती. 

शेवटचं फावडं खाली आलं तेव्हा घराने आतून एक आवाज केला, कण्हल्यासारखा, आणि सरळ झालं. हिसानो आत गेली. दार पुन्हा बोटाने सरकत होतं. तिने चहा केला आणि माणसांना नेऊन दिला. मग एक पेला दोन्ही हातांत धरून ती किनुएसमोर आली.

"चहा घ्या, वहिनी. गारठला असाल."

"नको," किनुए म्हणाली.

एकदाच म्हणाली. हिसानोने दुसऱ्यांदा विचारलं नाही.