वैरागला निघालेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. माझ्या पुठ्ठ्याच्या डब्यात, माझ्या अंगाखाली, एक पत्र घडी घालून ठेवलेले होते. ते वैराग नावाच्या गावाहून आले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. उत्तर न दिलेल्या पत्रावर पडून राहणे सुखाचे नसते. सारखे वाटते, खालून कोणीतरी हळूच विचारते आहे, "मग? कळवताय ना?"

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी गोष्ट भीतीचीच आहे. ती तुम्हाला आवडेल की नाही, याचीसुद्धा मला भीती वाटते.

तुम्ही आता छोट्या कॅसेट पाहू लागला आहात. मी त्यांच्या आधीची, बशीएवढ्या चक्रीवर गुंडाळलेली उघडी पट्टी. माझा जन्म जर्मनीत, एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. प्लॅस्टिकची लांबच लांब पट्टी आणि तिच्या एका अंगाला लोखंडाच्या गंजाची बारीक पूड, एवढेच माझे शरीर. लोक गंज खरवडून काढतात. माझे मात्र सगळे गाणे त्या गंजातच राहते.

रेकॉर्डरमध्ये मी एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर सरकते. वाटेत मला एकापुढे एक अशी दोन हेड, म्हणजे चुंबकाची डोकी, लागतात. दुसरे माझ्यावरचा आवाज वाचते. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिले पुसणारे असते. नुसते वाजवताना ते झोपलेले असते. लाल बटण दाबले की जागे होते, आणि समोरून माझा जो भाग जाईल तो कायमचा पुसून टाकते. म्हणजे प्रत्येक वेळी गाण्यासाठी मला झोपलेल्या कुत्र्यासमोरून चालत जावे लागते. ते उठणार नाही ना, ही काळजी माझ्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

माझे पहिले मालक बाउअर नावाचे जर्मन फिटर. सोलापूरच्या एका गिरणीत नवी यंत्रे बसवायला ते आले आणि मलाही बरोबर घेऊन आले. गिरणीतले लोक त्यांना 'बाबरसाहेब' म्हणत. बाबरसाहेबांना यंत्रांच्या आवाजाचे वेड होते. आपल्या देशातून निघण्यापूर्वी त्यांनी तिकडच्या रेडिओवरून काही जुन्या गोष्टी माझ्यावर भरून घेतल्या होत्या. विजेच्या संगीताची सुरुवात कशी झाली, ते त्यात होते.

सुरुवातीला माझ्यावर एक वाद्य होते. ते हात न लावता वाजते. वादक त्याच्यासमोर हवेत नुसता हात हलवतो आणि वाद्य बाईच्या गळ्यासारखे गाऊ लागते. एका रशियन माणसाने ते पन्नासएक वर्षांपूर्वी केले. त्यापुढे पॅरिसची आगगाडी होती. तिथल्या रेडिओतल्या एका इंजिनियरने इंजिनांचे, डब्यांचे आणि शिट्यांचे आवाज घेऊन ते उलटसुलट जोडले होते. आणि शेवटी जर्मनीतल्या कोलोन शहराचा स्टुडिओ. तिथे तार नाही, कातडे नाही, फुंकर नाही. विजेतून काढलेला शुद्ध स्वर, आणि माझ्यासारख्या पट्ट्या कात्रीने कापून केलेली जोडणी. (कात्री हा शब्द काढला की अजून माझ्या अंगाला पीळ पडतो.)

हे संगीत होते का? मला विचारू नका. मी ते अंगावर वागवले, पण ठरवण्याइतकी माझी अक्कल नाही.

गिरणीचे काम संपल्यावर बाबरसाहेब परत गेले. जाताना त्यांनी तो जड रेकॉर्डर आणि मला अण्णाराव मास्तरांना देऊन टाकले. मास्तर कोणत्याही शाळेत शिकवत नव्हते. ते सात रस्ता चौकाजवळच्या वाचनालयात पुस्तके देत-घेत असत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. साहेबांना मराठी शब्द अडला की तो कोशात शोधून देणारे तेवढे एकच होते. निरोपाच्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. इटलीत एका चित्रकाराने गुरगुरणाऱ्या आणि शिट्या मारणाऱ्या पेट्या तयार केल्या होत्या. त्या नष्ट झाल्या, आवाजाची एखादी तबकडी काय ती उरली. आणि सोव्हिएत देशातल्या बाकू शहरात एकदा कारखान्यांचे नि जहाजांचे भोंगे वाजवून सगळ्या गावभर संगीत केले होते. त्याची तर तबकडीही नाही.

ते ऐकून मी थरथरले. एवढे मोठे भोंगे, तेही गेले. मग माझ्यासारखीचे काय?

मास्तरांच्या घरी त्यांची थोरली बहीण केराबाई असत. मी पहिल्यांदा गायले तेव्हा त्या स्वयंपाकघरातून परात घेऊनच बाहेर आल्या.

"अण्णा, कुणाचं मढं निघालंय का रं त्यात? बंद कर की ते!"

"आक्का, ते वाद्य आहे."

"वाद्य असं रडतंय व्हय? वाजवणारा कुटं हाय?"

"हवेत हात हलवतो तो."

"मग न्हाईच तो माणूस," असे म्हणून केराबाईंनी माझ्या डब्यावर चिमूटभर अंगारा टाकला. अंगाऱ्याची राख माझ्या वेढ्यांत गेली तर काय होईल, या भीतीने मी गारठले. मास्तरांनी ती हलक्या फुंकरीने उडवली. ते माझ्याशी फार जपून वागत. हात पुसून मला उचलत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्रे तापत, तेव्हा मला माठाजवळच्या कोनाड्यात ठेवत.

एकदा धीर करून त्यांनी गावातल्या दैनिकाच्या रविवारच्या पानात माझ्यावर छोटा लेख लिहिला. त्यावर एकच पत्र आले. तेच ते वैरागचे.

"मी चांदसाब. वैरागात बाजारात पेटी दुरुस्तीचे काम करतो. रेडिओचा काटा फिरवताना एकदा असाच बिनतारेचा सूर ऐकला आणि लगेच हरवला. तेव्हापासून पेटीचा सूर लावताना तोच कानात येतो. मास्तर, हे कुठून सुरू झाले आणि जुन्यातले आधी काय ऐकावे, एवढे कळवा. आमच्या मंडपवाल्याकडे टेप वाजवायचे यंत्र आहे. उत्तराची वाट बघतो."

मास्तर उत्तर लिहायला बसत आणि फाडून टाकत. "मी कोण सांगणारा?" असे ते पुटपुटत. "हा माणूस सुरात आयुष्य घालवतोय. मला सा कळत नाही." शेवटी त्यांनी पत्र माझ्याखाली ठेवले आणि डबा बंद केला.

मित्रांनो, मास्तरांचा एक शब्द तुम्हाला सांगायला हवा, कारण त्या शब्दाने माझ्यावर संकट आणले. तो शब्द 'बरं'. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. मनात हो असो की नाही असो, तोंडातून 'बरं' येई.

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार. पंखा बंद पडला होता, म्हणून खिडक्या उघड्या होत्या. मास्तरांनी मला लावले. शेवटी कोलोनचा तो स्वर आला. तो खालून निघतो, चढत चढत जातो आणि वर जाऊन बराच वेळ टिकतो.

आता आमच्या गल्लीचे सगळे जगणे गिरणीच्या भोंग्यावर चालत होते. भोंगा झाला की डबे भरायचे, भोंगा झाला की पाळीला पळायचे. घड्याळ कोणी बघत नसे. माझा स्वर वर जाऊन टिकला आणि गल्लीत एकदम पळापळ सुरू झाली. दारे वाजली, चपला वाजल्या. शेजारच्या चनबसप्पांच्या माग-कारखान्यात ओसरीवर बायका कांड्या भरत होत्या. त्या पदर खोचून घरी निघाल्या. पाळीची माणसे भर उन्हात गिरणीकडे धावली.

थोड्याच वेळात तीच माणसे परत आली. सगळ्यांच्या पुढे रत्नम्मा होत्या. त्या समोरच्या दारात बसून विड्या वळत. त्यांनी खिडकीचे गज धरले.

"काय ओ मास्तर, घरात गिरणी कवा काढली? आमचे मालक अर्ध्या भाकरीवरून उठून पळाले की! वाचमन म्हणतो, काय पंगत हाय का, एवढ्या लवकर आलाव?"

मागची माणसे हसली. पण सगळ्यांनाच हसू येत नव्हते. "उद्या खरा भोंगा झाला आणि आमी मास्तरांची टेप समजून बसलो, तर गेट बंद हुईल. खाडा कोण भरून देणार?" एक जण म्हणाला. मी चक्रीवर आवळून बसले. त्या माणसाचे म्हणणे खोटे नव्हते.

मग चनबसप्पा आत आले. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनाने वाईट नव्हता. त्यांनी रेकॉर्डरभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, असं करू. हे भुताटकीचं पुसून टाका. आमच्या लेकीच्या अक्षता आल्यात. मंगलाष्टका, सनई, चेअरमनसाहेबांचं भाषण, समदं ह्यात भरू. कोरी टेप सगळ्या सोलापुरात कुटं मिळंना. पोरगी सासरी गेल्यावर तिच्या आईला ऐकायला हुईल. काय?"

मी मनात ओरडले. मास्तर, नाही म्हणा. एकदा तरी म्हणा.

"बरं," मास्तर म्हणाले.

"मग बघू तरी कसं चालतंय ते!" चनबसप्पांनी मला सुरुवातीपर्यंत मागे घेतले. सगळी माणसे दारात दाटली. चनबसप्पांचे जाड बोट बटणांवरून फिरले आणि लाल बटणावर थांबले.

बटण खाली गेले. माझ्यासमोरचे ते झोपलेले हेड जागे झाले.

दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते. मी सरकत गेले आणि हवेत हात हलवणारा तो वादक माझ्या अंगावरून नाहीसा होऊ लागला. आधी त्याचा पहिला सूर गेला, मग दुसरा. त्या जागी मोठा आवाज येऊन बसत होता.

"हॅलो, हॅलो! चनबसप्पा बोलतोय! ऐकू येतंय का ओ?"

खट्! मला थांबवले होते. मास्तरांनी थांबवायचे बटण दाबले होते. त्यांनी हात बटणावरून उचलला नाही.

"यंत्र तापलंय," ते म्हणाले. यंत्र तापले नव्हते.

"बरं, मग उद्या येतो की," चनबसप्पा म्हणाले आणि खुशीत गेले.

सगळे गेल्यावर मास्तर माझ्यासमोर बसले. "उद्या तो येईल आणि मी परत बरं म्हणेन," ते माझ्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला माझी सवय माहीत आहे. तू या घरात असेपर्यंत मी तुला वाचवू शकणार नाही." मग त्यांनी मला उचलले आणि खालचे पत्र बाहेर काढले.

या वेळी त्यांनी कागद फाडला नाही. लिहिलेले त्यांनी हळू आवाजात वाचून पाहिले, म्हणून मला कळले.

"चांदसाब यांस सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. मला संगीत कळत नाही, या भीतीने लिहिले नाही. तुम्ही विचारले होते की हे कुठून सुरू झाले. आज आमच्या गल्लीने ही टेप भोंगा समजून धाव घेतली. मला वाटते, गल्ली फारशी चुकली नाही. भोंगे, आगगाड्या आणि यंत्रे यांच्याच आवाजातून हे संगीत करणाऱ्यांचे कान घडले. आधी बिनहाताचे वाद्य ऐका, मग आगगाडी, आणि कान सरावले की कोलोन. सुरुवातीला जे हॅलो आहे ते आमच्या शेजाऱ्यांचे. ते यातले नाही, असे मला वाटते. पण याबाबतीतही माझा आग्रह नाही. मंडपवाल्याच्या यंत्रावरचे लाल बटण मात्र चिकटपट्टीने बंद करा. एवढे नक्की करा."

पार्सल शिवायला मास्तर सुई शोधू लागले, तर केराबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली. जुन्या सोलापुरी चादरीचा एक तुकडा त्यांनी माझ्या डब्याभोवती घट्ट शिवला. माझ्यावर अंगारा टाकणाऱ्या त्याच केराबाई.

"जा बाई," शेवटची गाठ मारून त्या म्हणाल्या. "हितं लई रडलीस. तितं तरी कुणी तुजं ऐकू दे."

चादरीत अंधार होता. मला वाटेतल्या उन्हाची भीती वाटत होती. एस.टी.च्या टपावर ठेवतील का, शेजारी एखादा लाऊडस्पीकर येईल का, याची भीती वाटत होती. त्यातल्या लोहचुंबकाने माझे उरलेसुरलेही जाईल. चांदसाब अजून वाट बघत असतील का, याची तर सर्वांत जास्त.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी टेप असेल. तिच्यातला आवाज तुम्हाला विचित्र वाटेल. वाटू द्या. तिला उन्हापासून आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा, आणि लाल बटणावर बोट ठेवण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत ऐका. आमच्यातले जे पुसले जाते, ते आम्हालासुद्धा पुन्हा आठवत नाही. तो वादक सुरुवातीला कोणता सूर वाजवत होता, मला आता सांगता येत नाही.

सकाळी मास्तर मला काखेत घट्ट धरून पोस्टात गेले. वाटेत चनबसप्पा भेटले. मास्तरांची पावले थबकली, ते मला कापडातूनही कळले.

"येतो की मास्तर दुपारी! पोरीच्या आईलाबी आणतो."

मी 'बरं' ऐकायची वाट बघत डोळे मिटले, म्हणजे मला डोळे असते तर मिटले असते.

"नाही," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना स्वतःलाही तो पुरा ऐकू आला नसावा. "टेप कामाची आहे. ती दुसऱ्याची आहे. मी पुण्याला लिहून तुम्हाला कोरी मागवून देतो."

"मग काल बरं का म्हणला?" चनबसप्पांनी विचारले आणि ते हसले. "अक्षतेच्या आधी आली पायजे हां!"

पोस्टाच्या खिडकीतल्या कारकुनाने मला तराजूत टाकले, पत्ता वाचला आणि विचारले, "आत काय आहे, आजोबा?"

मास्तरांनी घसा साफ केला.

"उत्तर," ते म्हणाले.

कारकुनाने शिक्का उचलला आणि माझ्या पाठीवर जोरात मारला.