डोंगरातल्या गरम झऱ्यावर

नोकरीसाठी जपानात राहणाऱ्या श्रीकरनं आईवडिलांना सराईच्या दारात उतरवलं, बॅगा आत ठेवल्या आणि गाडी परत वळवली. नागोयाला त्याची कामाची पाळी होती.

"परवा सकाळीं येतों, अप्पा," तो काचेतून म्हणाला. "अम्मा, भिऊं नोको. जेवणाचं सगळं सांगून ठेवलोंय. मासा नाही, अंडं नाही."

गाडी देवदारांच्या मागे दिसेनाशी झाली आणि अनिरुद्धराव व राजम दोघंच उरले. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण असं दोघांनीच कुठं जाऊन राहणं कधी घडलं नव्हतं. तंजावरच्या मेलवीथीतल्या घरात सासू-सासरे होते, दीर-नणंदा होत्या, पुढं श्रीकर झाला. अनिरुद्धराव पाटबंधारे खात्यात होते. कावेरीच्या कालव्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. घरी आले की जेवायचे, पेपर वाचायचे, झोपायचे. फार बोलणारा माणूस नव्हे.

सराई लहानशी, लाकडाची, डोंगराच्या कुशीत. मालकीण चिएकोबाई राजमच्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी वाकून नमस्कार केला, राजमच्या लोकरी मोज्यांकडं आणि त्यावरच्या सुती साडीकडं बघून काळजीनं काहीतरी म्हणाल्या, आणि दोघांना खोलीत घेऊन गेल्या. जमिनीवर गवताच्या जाड चटया, मध्ये बुटकं मेज, आणि पलीकडं सरकतं दार. चिएकोबाईंनी ते दार सरकवलं.

बाहेर छपराखाली काळ्या दगडांचं एक कुंड होतं. बांबूच्या नळीतून डोंगरातलं गरम पाणी त्यात पडत होतं आणि वाफ थेट बर्फात मिसळत होती. कुंड फक्त याच खोलीचं होतं. दाराशी एक पाटी होती, अक्षरं कळण्यासारखी नव्हती, पण चित्र स्पष्ट होतं. पाण्यात उतरायचं ते अंगावर काही न ठेवता.

राजमनं चित्र बघितलं आणि मान फिरवली.

दोन वर्षांपूर्वी तिरुचीच्या इस्पितळात तिचा उजवा स्तन काढून टाकला होता. दुखणं गेलं, डॉक्टर समाधानी होते. पण घरी आल्यापासून ती कपडे बदलताना खोलीला आतून कडी लावू लागली. जखम बांधायला नर्स यायची. नंतर तीही यायची थांबली. अनिरुद्धरावांनी कधी विचारलं नाही आणि राजमनं कधी सांगितलं नाही. रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपायची. नवऱ्याला आपली किळस येत असणार, चांगला माणूस म्हणून तोंडानं बोलत नाही एवढंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"तूं जातेस काय अगोदर?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"मज नोको. तुमीच जा."

"श्रीकरनं इतकं हौसेनं..."

"नोको म्हटलें की."

त्यांनी पंचा घेतला आणि दार ओढून बाहेर गेले.

राजमनं डबा उघडून बरोबर आणलेल्या तिळाच्या पोडीची, कोरड्या चटणीची, पुडी मेजावर ठेवली. रात्रीच्या भाताला उपयोगी पडली असती. बाहेरून अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पाण्यात उतरल्याचा, आणि मग अनिरुद्धरावांचा समाधानाचा एक लांब सुस्कारा. तिला हसू आलं.

"बेस आहे काय?" तिनं आतूनच विचारलं.

"फार बेस! नळी बघ कशी बसवलीय. एक थेंब वाया जात नाही."

राजम खिडकीतून बर्फ बघत बसली. तंजावरात पौष महिन्यात पहाटे शाल लागते, तीच तिची थंडी. इथं झाडांच्या फांद्या बर्फानं वाकल्या होत्या, आणि कुठं कावळासुद्धा ओरडत नव्हता.

बराच वेळ गेला. इतक्या गरम पाण्यात वयस्क माणसानं फार वेळ बसू नये, हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर पाटीवर, आणि ती वाचता येत नव्हती. एकाएकी धप्प असा आवाज झाला.

"अहो?"

ती उठून दाराशी गेली.

"अहो, काय झालं?"

तिनं दार सरकवलं. अनिरुद्धराव उठायला गेले असावेत आणि भोवळ येऊन पुन्हा पाण्यात कोसळले होते. डोकं दगडाला टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, आणि हनुवटी हळूहळू पाण्याकडं घसरत होती.

राजम साडीसकट, मोज्यांसकट कुंडात उतरली. त्यांच्या काखेत हात घालून तिनं ओढलं. उजव्या खांद्यातून अशी कळ आली की तिच्या तोंडून किंकाळी फुटली, पण हात सोडला नाही. ती तमिळमध्ये ओरडली, मराठीत ओरडली, आणि कोणत्या तरी ओरडण्याला चिएकोबाई धावत आल्या. दोघींनी मिळून त्यांना काठावर घेतलं, छपराखालच्या लाकडी फळ्यांवर आडवं केलं, पायाखाली उशी दिली. चिएकोबाईंनी कपाळावर गार फडकं ठेवलं आणि मीठ घातलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं.

थोड्या वेळानं अनिरुद्धरावांनी डोळे उघडले. समोर राजम होती. केस सुटलेले, साडीतून पाणी ठिबकतंय, दात वाजताहेत.

"तूं कां भिजलीस?" त्यांनी विचारलं.

राजम रडायला लागली. इस्पितळातसुद्धा ती अशी रडली नव्हती.

चिएकोबाईंनी त्यांची नाडी धरून पाहिली, हसून मान हलवली आणि जाड रजई पांघरली. मग राजमच्या गारठलेल्या खांद्याला हात लावला, कुंडाकडं बोट दाखवलं, आणि आईनं दटावावं तसं काहीतरी बोलल्या. कोरडे कपडे दाराशी ठेवून त्या आत निघून गेल्या.

"जा, राजम," अनिरुद्धराव म्हणाले. "ओल्यानं राहिलीस तर आजारी पडशील."

"साडी नेसून उतरायचं नाही म्हणतात."

"मी तिकडं तोंड करतों." आणि खरंच त्यांनी रजईतच कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

राजम पोलकं काढू लागली. बोटं इतकी बधिर झाली होती की पोलक्याची बटणं निघेनात. शेवटी निघाली. ओल्या साडीचा गोळा तिनं काठावर ठेवला आणि ती पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत. ऊब आधी पायांत, मग कमरेत, मग पाठीत चढली. व्रणाला पाणी लागलं तसं तिनं सवयीनं हात आडवा धरला. पण ज्याच्यापासून लपवावं असं तिथं कुणीच बघत नव्हतं. पाणी होतं, वाफ होती. तिनं हात खाली सोडला.

केस पाण्यात पसरले होते. तिनं ते गोळा करून वर बांधायला हात उचलले. डावा गेला. उजवा खांद्याच्या वर जाईना. घरी ती मान वाकडी करून, भिंतीला टेकून कसाबसा अंबाडा घालायची आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. आज कळ ताजी होती. तिनं दोनदा प्रयत्न केला. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या नवऱ्याच्या पाठीकडं तिनं बघितलं.

"अहो."

"काय?"

"बरं वाटतंय काय आता?"

"होय. कां?"

"वळा इकडं. माझे केस बांधून द्या."

अनिरुद्धराव सावकाश वळले. रजई गुंडाळून काठापर्यंत सरकले आणि तिच्या मागे बसले. केस हातात घेतले. त्यांना काही बांधता येत नव्हतं. त्यांनी केस दोरासारखे पिळले, गुंडाळले, ते सुटले, पुन्हा गुंडाळले. मग राजम आपण होऊन त्यांच्याकडं वळून बसली.

छातीवरून काखेपर्यंत गेलेली फिकट रेघ, आणि तिच्याभोवती ओढली गेलेली कातडी. त्यांनी पाहिलं. नजर चुकवली नाही.

"दुखतं काय अजून?"

दोन वर्षं तिनं या क्षणाची भीती बाळगली होती आणि त्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

"खांदा दुखतो," ती म्हणाली. "हात वर जात नाही. व्यायाम सांगितले होते, मी सोडून दिलें."

"मज कां नाही सांगितलीस?"

"तुमी कां नाही विचारलांत?"

"तूं कडी लावायचीस," ते म्हणाले. "मी दाराबाहेर उभा राहायचों. मज वाटलं, मी विचारलों तर तुज जास्त दुखेल."

"रोज उभे राहायचांत?"

"पहिलं वर्ष रोज."

राजमनं त्यांचा हात ओल्या हातांनी धरला आणि गालाला लावला. उजेड उतरत गेला, आणि चिएकोबाई आतून खोकून जेवण तयार झाल्याचं कळवेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी साडी वाळवायचा प्रश्न आला. चिएकोबाईंनी एक टोक धरलं, राजमनं दुसरं, आणि दोघी चुलीच्या खोलीपासून मागं मागं चालत गेल्या. साडी संपेना. चिएकोबाई ओसरीच्या टोकाला पोचून डोळे विस्फारून ओरडल्या तशा दोघी हसत सुटल्या. संध्याकाळी राजम पुन्हा कुंडात उतरली. अनिरुद्धरावांना तिनं फक्त पाय बुडवून बसायची परवानगी दिली.

श्रीकर आला तेव्हा राजम अनिरुद्धरावांचा दंड धरून पायऱ्या उतरत होती. असं चालताना त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं बॅगा उचलल्या.

तंजावरला परतल्यावर अनिरुद्धरावांनी डॉक्टरांना स्वतः जाऊन व्यायाम विचारून घेतले. आता सकाळी कॉफी झाली की राजम स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर उभी राहते आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवते. ते शेजारी उभे राहतात.

"अजून थोडं," ते म्हणतात.

"अय्यो, पुरे की!"

"सरी," ते मान डोलावतात. "पुरे. उद्यां बघूं."