सिद्धम्माच्या उठाबशा

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. झरीच्या एका सुतारानं मला घडवलं आणि वालूरच्या शिवरुद्रअप्पांनी आपल्या किराणा दुकानात ठेवलं. "खुर्ची लय दणकट हाय, अप्पा," असं गिऱ्हाईक म्हणालं की मला बरं वाटायचं. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मी मागच्या पडवीत गेले, आणि माझ्यावर कांद्याचं पोतं बसलं.

गेल्या वर्षी अप्पांच्या बायकोला, सिद्धम्माला, पोटाचा कॅन्सर निघाला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला महिना आहे. तोवर अंगात ताकद भरा. वरण, दूध, पनीर, शेंगदाण्याचं कूट, थोडं थोडं पण सारखं खा. रोज चाला, खुर्चीवरून उठा-बसा."

सून शिवरंजनीनं मला पुसून माजघरात आणलं. पहिल्या दिवशी उठताना सिद्धम्माचे पाय लटलट कापले. हळूहळू मात्र जमायला लागलं. दुपारचं वरण पिऊन ती स्वतःच माझ्याकडं यायची.

मग भेटायला येणारे सुरू झाले. दुखणेकऱ्याला बघायला गेलं नाही तर गाव नाव ठेवतं, आणि आलेल्याला आधी खुर्ची द्यावी लागते. सकाळपासून माझ्यावर कुणी ना कुणी बसलेलं, आणि सिद्धम्मा बाजेवर पडलेली.

"पडून ऱ्हावा वहिनी, उठू नगा," शेजारच्या रुख्मिणीबाई म्हणाल्या. "सून उठाबशा काढायला लावायलीय म्हणं? शाळंतली शिक्षा हाय का?"

"धडा पाठ केला न्हाई म्हणून असंल," सिद्धम्मा हसून म्हणाली.

"त्यापरीस महादेवाला नवस बोला. आपरेशन होईस्तोवर एकच येळ जेवा. त्यो सांभाळतो."

सिद्धम्मा महादेवाला नवस बोलली आणि एकच वेळ जेवायला लागली. शिवरंजनी वरणाची वाटी घेऊन उभी राहायची.

"आत्याबाई, देव उपाशी ऱ्हा म्हणला का तुमाला?"

"रंजे, गप. भ्या वाटायलंय मला. तेवढाच जिवाला आधार हाय."

मग शिवरंजनी वाटी झाकून ठेवायची.

ऑपरेशनच्या तारखेला सगळे परभणीला गेले आणि तसेच परत आले. सिद्धम्माचं वजन फार उतरलं होतं. या अंगाला भूल आणि चिरफाड सोसणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली. त्या दिवशी सिद्धम्मानं स्वतः वाटी मागितली. रडत रडत वरण प्याली, आणि माझ्यावर बसलेल्या पाहुण्याला म्हणाली, "उठा भाऊ, मला बसायचंय."

त्यानंतर खाणं, चालणं, उठाबशा, सगळं तिनं मनापासून केलं. मी साक्षीला आहे. पण पुढच्या तपासणीत गाठ यकृतापर्यंत पसरलेली निघाली. आता ऑपरेशन होणार नाही. वेळेवर झालं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. शिवरंजनीनं दोनदा विचारलं.

मित्रांनो, रुख्मिणीबाई वाईट नाहीत. त्या अजून रोज येतात, पदरानं डोळे पुसतात. गावानं मायाच केली. पण तुम्ही ऑपरेशनची वाट बघणाऱ्या कुणाला भेटायला गेलात, तर त्याची खुर्ची अडवू नका. झाकलेली वाटी उघडून त्याच्या हातात द्या. त्याला भ्या वाटत असेल, तर हात धरून दारापर्यंत चालवून आणा, आणि चालता चालता बोला.

सिद्धम्माला आता माझ्यावर बसवायलाही दोन माणसं लागतात.