पेटीतलं वेटोळं

जमिनीखाली कोळसा जळत होता आणि जमिनीवर थोरला.

कोळसा उकरून न काढता खालच्या खालीच धुमसत ठेवायचा, एका बोअरमधून हवा सोडायची आणि दुसऱ्यातून गॅस वर घ्यायचा, असा तो कारखाना. आग कुठवर पोचली ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नसे. ते सांगायच्या थोरल्याच्या तारा. तपासणीच्या बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर सोडलेल्या नऊ तारा, प्रत्येकीच्या टोकाला उष्णता ओळखणारा सांधा. एकोणीस वर्षं तो दर दोन तासांनी त्यांचे आकडे वहीत उतरवत आला होता.

गेल्या महिन्यात त्याच बोअरमध्ये धाकट्या भावाने केसाएवढी बारीक काचेची तार सोडली. त्या भावाला इथे नोकरीला चिकटवला होता थोरल्यानेच. ही एकटी तार मीटरामीटरची उष्णता सांगे, तीही पडद्यावर, लाल-पिवळ्या रंगात. साहेब पडद्यासमोर खुर्ची ओढून बसू लागले. वहीकडे कुणी ढुंकून बघेना.

"दादा, तुमच्या तारांना आता पेन्शन द्या," पंपावरचा फिटर म्हणाला.

"आधी तुझ्या जिभेला देतो."

घरी बायकोनेही सोडलं नाही. "सख्ख्या भावाचं कौतुक ऐकलं की तुमचा घास का अडकतो?"

"अडकत नाही. मीठ कमी आहे."

"दोनदा टाकलंय."

सोमवारी सकाळी वही आणि पडदा यांचं जुळेना. वहीप्रमाणे सगळ्यांत जास्त उष्णता एकशेसाठ मीटरवर, पडद्यावर एकशेबहात्तरला. कोळशाच्या डोक्यावरचा खडक एकशेअठ्ठावन्नला संपत होता आणि त्याच्या वर पाणी होतं. पडदा खरा असेल, तर आग कोळशाच्या पोटात होती आणि हवा वाढवायला हरकत नव्हती. वही खरी असेल, तर आग खडकाला चाटत होती आणि तो फुटला की पाणी खाली येणार होतं. हवा वाढवायची की नाही, ते अकराच्या बैठकीत ठरणार होतं.

थोरल्याला कारण लगेच उमगलं. तार सोडताना रीळ त्यानेच धरलं होतं. उरलेल्या बारा मीटरचं वेटोळं करून धाकट्याने ते बोअरच्या तोंडाशी पेटीत ठेवलं होतं, पुढेमागे लागेल म्हणून. यंत्र अंतर मोजतं ते वेटोळ्यासकट. ते बारा मीटर वजा करायला धाकटा विसरला होता.

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. थोरला मूग गिळून बसला. साहेब हवेला होकार देऊ देत, मग उठायचं, वही टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, 'साहेब, आधी पेटी उघडून बघा.' वाक्य त्याने तीनदा मनात घोळवलं. धाकट्याचं उतरलेलं तोंडही बघून घेतलं.

बैठकीत साहेबांनी तोंड उघडायच्या आत धाकटा उभा राहिला.

"साहेब, आज हवा वाढवू नका. दादाच्या तारा वेगळं सांगतायत. त्या चुकायच्या नाहीत. माझंच कुठेतरी चुकलंय, पण मला सापडत नाहीये."

थोरल्याचं घोळवलेलं वाक्य वायाच गेलं.

"पेटीतलं वेटोळं," तो कसाबसा म्हणाला. "बारा मीटर."

धाकट्याने कपाळावर हात मारला. साहेबांनी हवा उलट कमी करायला सांगितली आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अशी माणसं पाहिजेत. आपली चूक आपण सांगणारी."

बाहेर आल्यावर धाकट्याने विचारलं, "दादा, तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"मग हाक का नाही मारलीस?"

थोरला वहीची पानं चाळत राहिला. धाकटा आकडे दुरुस्त करायला आत गेला. त्याला कळलं होतं. तरी तो आत कुणाला काही सांगणार नव्हता, आणि थोरल्याला तेच सोसेना.

दोन तास झाले होते. आकडे घ्यायला तो बोअरपाशी गेला आणि त्याने पेटीचं झाकण उचललं. वेटोळं एकसारखं, वेढ्यावर वेढा, तीन जागी बांधलेलं. थोरला वाकून बघत राहिला. गाठसुद्धा मेल्याने आपल्यापेक्षा चांगली मारली होती.